हरलेलं परत मागायचं नसतं

बाळकृष्ण परब हे नाव आमच्या वसाहतीत फक्त विजेच्या बिलावर दिसायचं. बाकी सगळ्यांचे ते पंचकाका. घाटकोपर पूर्वेला आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती आहेत. अर्ध्या बिऱ्हाडांचे वाडवडील कोकणातून गिरणीत आलेले, उरलेल्यांचे नगर-मराठवाड्याकडून. एकीकडे गणपती, दुसरीकडे भीमजयंती, आणि वर्गणी दोन्हीकडे सगळ्यांची. आम्ही पोरं एकत्र यायचो ती मंडळाच्या कॅरमच्या खोलीत. जिन्याखालची ती खोली इतकी लहान, की स्ट्रायकर मारायला कोपर मागे घेतलं की मागच्याच्या पोटात बसायचं. तिथे शब्द चालायचा तो पंचकाकांचा.

ते स्वतः कॅरम खेळत नसत. तरुणपणी खेळायचे म्हणे, पण मी त्यांना पाहिलं ते खुर्चीच्या पायांखाली विटा घालून उंच बसलेलं आणि लांब मान बोर्डावर काढलेलं. टेलिफोन खात्यातली नोकरी संपवून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि खाली उतरायचे. सामन्याआधी दोन्ही खेळाडूंना साबणाने हात धुवायला लावत. पावडर स्वतः टाकत, दुसऱ्या कोणाला डब्याला हात लावू देत नसत. सामना चालू असताना कोणाचा चहा घेत नसत. चहा ज्याने पाजला त्याच्याकडे मान आपोआप वळते, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे पंचपण घरीही उतरत नसे. टीव्हीवर क्रिकेटचा सामना असला तर आम्ही बोंबलून घर डोक्यावर घेत असताना हे मध्येच म्हणत, तो पायचीत होता, पंचांचं बरोबर आहे. बाद झालेला आपला, याचं त्यांना काही नाही. एकदा त्यांच्याकडे जेवायला होतो तेव्हा मी गंमत म्हणून विचारलं, काका, पापलेट भारी की सुरमई? त्यांनी खरोखर विचार केला. घास हातात तसाच. मग म्हणाले, दोन्ही आपापल्या जागी. काकू आतून कढईवरून ओरडल्या, "ह्येंका इचारून काय उपयोग नाय रे सुहास. ह्ये जेवतानाव पंचच."

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. एरवी ते आमच्याशी साधं मराठी बोलत, पण हे वाक्य नेहमी मालवणीतच यायचं. "खेळाक खिसो नसता." खेळाला खिसा नसतो. पैसे लावून खेळणं त्यांना नुसतं आवडत नव्हतं असं नाही, त्याची त्यांना शिसारी होती. दिवाळीच्या दिवसांत गच्चीवर पत्ते रंगायचे, तिकडे ते फिरकतसुद्धा नसत. त्यांच्या वडिलांनी गिरणीचा पगार कुठे घालवला याबद्दल वसाहतीत जुनी माणसं काहीबाही बोलायची. खरं-खोटं मला ठाऊक नाही आणि काकांना विचारायची कोणाची टाप नव्हती.

पैसे लावणाऱ्यांना पकडायची त्यांची एक रीत होती, आणि ती इथे सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्या रीतीनेच झाला. खोलीत गुपचूप पैज लागली आहे असा वास आला, की काका अगदी भोळा चेहरा करून आत यायचे, खिशातून शंभराची नोट काढायचे आणि म्हणायचे, "माझेही लावा रे शंभर." जो कोणी त्या नोटेकडे हात नेईल तो वर्षभर खोलीबाहेर. मधू गायकवाड हा आमच्यातला सगळ्यात तयार खेळाडू. त्याने एकदा हात नेला. अंतिम सामना चार दिवसांवर होता. मंडळाचे सगळे पदाधिकारी काकांच्या पाया पडायचे बाकी राहिले, मधूची आई येऊन रडून गेली, पण मधू वर्षभर बाहेर बसला. नंतर तो स्वतःच सांगायचा, त्या वर्षात मी बारावी पास झालो, नाहीतर काय होत होतो.

त्यांनी स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही. नीता त्यांची एकुलती एक. मुलींनी त्या खोलीत यायचं नसतं असा अलिखित नियम होता, तो काकांनी तिला हाताला धरून आणून मोडला. पोरगी खेळायची फार सुंदर. मुलींच्या पहिल्याच अंतिम सामन्यात तिची शेवटची सोंगटी उरली होती आणि हात मागे घेताना तिची करंगळी बाजूच्या सोंगटीला लागली. आम्ही कोणी पाहिलं नाही. समोरच्या मुलीनेही पाहिलं नाही. काका म्हणाले, "फाऊल." नीता हरली. त्या दिवशी ती जेवली नाही, तर हेही जेवले नाहीत. दोघं समोरासमोर बसून राहिले आणि काकू दोघांना शिव्या घालत होत्या. दुसऱ्या दिवशी काका तिला म्हणाले, तू हरलीस, पण खोटी ठरली नाहीस. नीताने मला हे खूप वर्षांनी सांगितलं. तेव्हा राग आला होता दादा, म्हणाली, आणि आता तेवढंच एक वाक्य माझं आहे.

काका निवृत्त झाले, काकू गेल्या, नीताने लग्न केलं नाही आणि मुलुंडला स्वतःचं घर घेतलं. चल म्हणाली तर काका गेले नाहीत. खोली सोडून कुठे जाऊ, म्हणाले. तेव्हा ते सत्तरीच्या आसपास असतील.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी ते खोलीत आले. मी, मधू, मंडळाचे कार्यवाह दळवी असे आम्ही पिकलेले गडी नव्या पोरांचा खेळ बघत बसलो होतो. काकांनी खिशातून नोट काढली आणि म्हणाले, "माझेही लावा रे शंभर." खोलीत हशा पिकला. मधूने कान पकडले. दळवी म्हणाले, काका, आता आमची पोरं कॉलेजात गेली, अजून परीक्षा घेताय? सगळे हात जोडून उभे राहिले. आणि काका चिडले. आयुष्यात ज्या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, तो माणूस नोट बोर्डावर आपटून म्हणाला, "लावा म्हणतो ना." सोंगट्या विस्कटल्या. आम्ही आणखी हसलो. काय नाटक करतात काका, झकास, असं कोणीतरी म्हणाल्याचं मला स्वच्छ आठवतं.

त्यानंतर ते वरचेवर नोट घेऊन यायला लागले आणि वसाहतीत तो विनोदच झाला. काकांनी परीक्षेचा सपाटा लावलाय. नवी मुलंसुद्धा शिकली, काका आले की हात पाठीमागे बांधायचे. एवढा सरळ माणूस, त्याने नोट पुढे केली तर ती परीक्षाच असणार. दुसरं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही. दुसरा कोणी म्हातारा असता तर चार दिवसांत लोक कुजबुजले असते. काकांच्या चांगुलपणाने आमचे डोळे बांधले आणि वर्ष-दीड वर्ष असंच गेलं.

त्या काळात आणखीही काही घडत होतं. कोणाकडे पेढे वाटले की काका पुडा उघडून तिथल्या तिथे संपवायचे. जो माणूस परक्या घरी दुसरी पोळी घेत नसे तो लोकांच्या फ्रिजमध्ये डोकावायला लागला. एकटे पडलेत, म्हातारपण आहे, जीभ चळते, असं आम्ही म्हणायचो. म्हातारपण हे फार सोयीचं उत्तर आहे, त्यात काहीही बसतं.

मग माझी आई गेली. दहाव्याला आम्ही घाटावर होतो. पिंड ठेवलेला, कावळे समोरच्या पत्र्यावर रांगेने बसलेले, एकही खाली येईना. बहिणीने सांगून झालं की आई, सगळं नीट होईल, तू काळजी करू नकोस. मावशीने सांगून झालं. भटजी मंत्र म्हणत होते आणि सगळ्यांचे डोळे पत्र्यावर. काका माझ्या शेजारी सरकले. मला वाटलं धीर द्यायला आलेत. ते माझ्या कानाशी म्हणाले, "मंत्र संपायच्या आत शिवतो. लावतोस?"

मला वाटलं मी काहीतरी भलतंच ऐकलं. तेवढ्यात कावळा उतरला, भाताला चोच मारली आणि उडाला. सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं, बहीण रडायला लागली, आणि काकांनी माझ्यासमोर हात पसरला. चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. जिंकलेला माणूस हात पुढे करतो तसा तो हात होता. दुसरं कोणी असतं तर मी तिथेच कानफटात दिली असती. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोललो नाही. रस्त्यात दिसले की बाजू बदलायचो.

त्यामुळे पुढचं मला इतरांकडून कळलं. स्टेशनबाहेर एक लॉटरीचं दुकान आहे. आत भिंतीवर पडदे, त्यावर सारखे आकडे पडत असतात आणि माणसं मान वर करून उभी असतात. काका सकाळी ते उघडायच्या आधी तिथे उभे असायचे. निवृत्तिवेतन तिथे जात होतं. नीताने बँकेचं पुस्तक आपल्याकडे घेतलं आणि त्यांच्या हातात पैसे देणं थांबवलं तेव्हा ते दुकानामागच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर जायला लागले, कारण तिथे वस्तूही चालायची. काकूंच्या बांगड्या गेल्या. आणि एक दिवस मंडळाची फिरती ढाल गेली.

ती ढाल चांदीची होती. गिरणीतल्या म्हाताऱ्यांनी पैसे जमवून केलेली, आमच्या सगळ्यांच्या जन्माआधीची. दरवर्षी जिंकणाऱ्याला ती हातात धरून फोटो काढायला मिळायची आणि मग ती परत काकांच्या कपाटात. दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवायचा विषयच नव्हता. स्पर्धा तोंडावर आली, दळवी ढाल आणायला गेले आणि रिकाम्या हाताने आले.

मंडळाची सभा भरली. मीही गेलो. नीता मुलुंडहून आली होती, बापाच्या शेजारी खाली मान घालून बसली होती. काका मात्र ताठ बसले होते, हात धुऊन आल्यासारखे.

दळवींनी विचारलं, "काका, ढाल कुठे आहे?"

"हरलो."

"हरलो म्हणजे?"

"लावली होती. पान आलं नाही."

दळवी समजुतीने म्हणाले, ठीक आहे, झालं ते झालं, आपण तिथे जाऊ, चार पैसे देऊ, सोडवून आणू. काका त्यांच्याकडे असे पाहायला लागले, जसे चुकीचा स्ट्रायकर मारणाऱ्या पोराकडे पाहायचे.

"दळवी, हरलेलं परत मागायचं नसतं. एवढी वर्षं बसलास माझ्याजवळ, काय शिकलास?"

त्यांच्या आवाजात लाज नव्हती, भीती नव्हती. पंचाचा निर्णय सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. मला मनातून हादरायला झालं, पण बाकीच्यांना त्यात फक्त कोडगेपणा दिसला. आणि एकदा तो दिसल्यावर लोकांना मागचंही सगळं नव्याने दिसायला लागलं. म्हणजे ती परीक्षा नव्हतीच. हे आम्हाला खेळाला बोलवत होते. एक जण म्हणाला, इतकी वर्षं दुसऱ्यांना उपदेश आणि आतून हाच माणूस. दुसरा म्हणाला, बापाचं रक्त, जातंय कुठे. पोलिसांत जायचं नाही एवढी मेहेरबानी झाली. खोलीत खुर्चीमागे काकांचा फोटो होता, तो उतरवायचा ठराव झाला. मधू गायकवाड एकटा विरोधात होता. ठराव झाल्यावर त्यानेच स्टुलावर चढून फोटो काढला आणि कोणी काही बोलायच्या आत पिशवीत घालून आपल्या घरी नेला.

नीता बापाला घेऊन मुलुंडला गेली. तिने पदरच्या पैशाने नवी ढाल करून दिली, पण ती कोणी हौसेने उचलली नाही. बापाशी ती दोन महिने बोलली नाही. ताट समोर ठेवायचं, उचलायचं. एकदा तिच्या तोंडून गेलं, आई सुटली ते बरं झालं. काका त्यावर म्हणाले, आज भाजी गोड नाही.

गोड खाऊन खाऊन त्यांची साखर वाढली असणार म्हणून ती त्यांना तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, रक्त यंत्रावर घेतलं, आणि आकडा दिसायच्या आत काका त्यांना म्हणाले, "दोनशेच्या वर. लावता का?" नीता मेल्याहून मेल्यासारखी झाली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे कधीपासून? आधी कधी जुगार खेळायचे का? तरुणपणी? अजिबात नाही? मग त्यांनी विचारलं, कोणाच्या दुःखाच्या वेळी भलतंच बोलतात का?

पुढे मेंदूच्या डॉक्टरांकडे, मग मेंदूचे फोटो. दुसऱ्या खेपेला नीताने मला बरोबर बोलावलं होतं. एकटीच्याने ऐकवणार नाही, म्हणाली. त्या डॉक्टरबाईंनी फार सोप्या शब्दांत सांगितलं. आपल्याला वाटतं स्मृतिभ्रंश म्हणजे चाव्या कुठे ठेवल्या ते विसरणं. तसाही असतो. पण एका प्रकारात आठवण शाबूत राहते आणि आधी जातं ते आवरणं. मेंदूच्या पुढच्या भागात माणसाचे ब्रेक असतात, ते झिजतात. मग कोणी खात सुटतं, कोणी नको ते बोलतं, कोणी जुगाराला लागतं. कंपवाताच्या काही गोळ्यांनीही असं होतं, पण काका त्यातली कुठली घेत नव्हते. घरच्यांना वाटतं माणूस बिघडला. विसरायला खूप नंतर लागतात, तोवर घरात भांडणं होऊन गेलेली असतात.

मी घाटावरचा तो हात आठवत बसलो. नीता रडली नाही. तिने एकच विचारलं, म्हणजे हे बाबा नाहीत ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, हे मला सांगता येणार नाही.

नीताने मात्र स्वतःपुरतं उत्तर ठरवून टाकलं. आजार वेगळा, बाबा वेगळे. आणि तिला एकच गोष्ट हवी होती. वसाहतीने म्हणावं, पंचकाका खोटे नव्हते. ती दळवींना भेटली, रिपोर्ट दाखवले, फोटो परत लावा म्हणाली. दळवी वाईट माणूस नाही, पण त्यांना ते पटेना. अगं, विसरत तर काहीच नाहीत, ते म्हणाले, परवा फोनवर मला जुना सामना बोर्डागणिक सांगितला. डोकं इतकं चालतं आणि फक्त जुगारापुरता आजार? नीता परत गेली. जिना उतरताना तिने कॅरमच्या खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग विसरणं सुरू झालं. खरं सांगायचं तर त्याने तिचं काम सोपं केलं. काका आपला पत्ता विसरले, दळवींचं नाव विसरले, एकदा चुकून घाटकोपरला आले आणि आपल्या जुन्या घराच्या दारात उभं राहून स्वतःच्याच नावाने हाका मारत होते. ते पाहिल्यावर वसाहतीला आजार पटला. लोकांना विसरणारा म्हातारा दिसला की दया येते. गेल्या वर्षी स्पर्धेच्या आधी सभा झाली आणि फोटो परत लावायचं ठरलं. ही बातमी नीताला तोंडाने सांगावी म्हणून एका रविवारी मी मुलुंडला गेलो.

दार नीतानेच उघडलं. केस पांढरे झाले होते तिचे. आठवडाभर काकांजवळ एक बाई असते, रविवारी तिला सुट्टी. हातात पैसा नसल्यामुळे काका आता असेल ते लावतात, हे तिने मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. चष्मा लावतात. हरले की काढून देतात आणि चाचपडत बसतात. मग ती तोच चष्मा धुऊन, नवा आणलाय म्हणून परत देते. एकदा ताट हरले तर दिवसभर जेवले नाहीत, म्हणून जेवणाच्या वेळी ती खेळायचं टाळते. उशी, चादर, रेडिओ, सगळं हरून झालंय. न खेळावं तर डोकं भिंतीवर आपटतात.

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. मान तशीच लांब, तशीच पुढे काढलेली. खाली रस्त्याचा फाटा दिसत होता. इमारतीच्या फाटकातून निघालेल्या रिक्षा तिथून वळतात, उजवीकडे स्टेशन, डावीकडे टेकडीच्या अंगाला काही घरं. त्यांनी मला ओळखलं नाही. बसा साहेब, म्हणाले. मी बसलो. एक रिक्षा फाटकातून बाहेर पडत होती. त्यांनी बोट दाखवून विचारलं, डावीकडे की उजवीकडे, काय लावता?

मी घड्याळ काढून ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, मान हलवली. मग आपल्याकडे काय आहे ते शोधायला लागले. खिसा चाचपला, खुर्चीखाली पाहिलं. नीता चहा घेऊन आली आणि त्यांची नजर तिच्यावर थांबली.

"ही बाई लावतो," ते म्हणाले. "चांगली आहे. स्वयंपाक येतो."

मी नीताकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बोल दादा. अडून बसले तर त्रास करून घेतील."

मी हरायचं ठरवलं. त्या फाट्यावर दहातल्या नऊ रिक्षा स्टेशनकडे जातात, म्हणून मी डावीकडे म्हणालो. रिक्षा फाट्यापर्यंत गेली, थांबली, एका बाईला रस्ता दिला आणि डावीकडे वळली.

काकांनी मान मागे घेतली. "जिंकलात," ते म्हणाले. मग नीताकडे वळून अगदी नीट, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "बाई, आता तुम्हाला यांच्याबरोबर जायचंय. चपला घाला."

"बरं," नीता म्हणाली.

तिने खरोखर चपला घातल्या. काका आम्हाला पोचवायला दारापर्यंत आले. मला घड्याळ परत दिलं, दार ओढून घेतलं आणि लॅच लागल्याचा आवाज आला. आम्ही दोघं बाहेर उभे. नीता जिन्याच्या पायरीवर बसली, मीही बसलो. लगेच गेलं तर मानत नाहीत, ती म्हणाली, थोडं थांबावं लागतं. आधीची कामाची बाई अशीच एकदा हरली, ती परत आलीच नाही. हे सांगताना ती हसली.

मी तिला फोटोचं सांगितलं. मधूने काच बदलून आणलीय म्हणालो, स्पर्धेच्या दिवशी ये. लोक आता म्हणतात, तो आजार होता, पंचकाका तसे नव्हते.

ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली.

"लावा," ती म्हणाली. "पण दादा, तसे नव्हते म्हणू नका. मीपण तेच म्हणत होते. आता रोज बघते ना. जगातलं सगळं विसरले, मला विसरले, पण हरले की देऊन टाकतात. एकदासुद्धा नाही म्हणाले नाहीत. कढ येतो बघ मला. हे तेच आहेत रे. माझे बाबाच मला हरतात."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. समोरच्या फ्लॅटमधून कुकरची शिट्टी झाली. नीता उठली, ओढणी नीट केली. चावी तिच्या हातात होती, पण चावीने आत गेलं की ते चोर समजतात. तिने बेल वाजवली.

आत पावलं सरकत आली. लॅच उघडलं. काकांनी अर्धं दार उघडून तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी जिन्यात होतो, मला त्यांनी पाहिलं नाही.

"काम आहे का, विचारायला आले," नीता म्हणाली.

"या, या. बरं झालं आलात." ते दारातून बाजूला झाले. मग काहीतरी आठवल्यासारखे थांबले. "इथे एक बाई होती. फार चांगली होती हो. हरलो मी तिला."

"हो का," नीता म्हणाली आणि चपला काढून आत गेली.